ठिगळ्या आणि चारचा ठोका

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून कुत्र्याच्या खाण्याचं तिसरं पाकीट वाचायला घेतलं, तेव्हा दुकानदाराचा धीर सुटला.

"अहो, कुत्र्याला खायला नेताय की वाचायला?"

"इथे पहिल्याच नंबरावर मका आहे. मांस पाचव्या ओळीत, मिठाच्या शेजारी. याला काय चांगलं खाणं म्हणायचं?"

घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेलेल्या माणसाला बारीक अक्षरांची भीती नसते. शिवाय प्रश्न ठिगळ्याचा होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई लेकीकडे कायमच्या राहायला आल्या आणि पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "कान एकाचे, शेपूट दुसऱ्याची आणि भूक चौघांची! जावईबापू, हे ध्यान घरात राहणार असेल तर त्याने काहीतरी करून दाखवावं." बोलता बोलता ठरलं, की महिन्याभराने मिश्र जातीच्या कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत आहे, तीत ठिगळ्याने नंबर काढला तर तो राहील. नाहीतर साडूच्या लाकडाच्या वखारीत, साखळीला. सासूबाईंचा शब्द म्हणजे शब्द. आणि ठिगळ्यावर तर घड्याळजींचा फार जीव होता.

म्हणून खाणं उत्तम हवं. शेवटी मांस पहिल्या ओळीत असलेलं पाकीट सापडलं. घड्याळजींनी ते मोठ्या प्रेमाने वाटीत ओतलं. ठिगळ्याने वास घेतला, शेपूट हलवून आभार मानले आणि तो झोपला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग दुसऱ्या कंपनीचं पाकीट आलं, तिसऱ्या कंपनीचं आलं.

घड्याळजी त्याला उचलून डॉक्टरीणबाईंकडे गेले. "काही खात नाही हो!"

डॉक्टरीणबाईंनी वजन केलं. "दीड किलो वाढलंय. काय, हवा खाऊन जगतोय का? आणि पाकिटं अशी रोज बदलू नका. नवं खाणं जुन्यात थोडं थोडं मिसळत आठवड्याभराने बदलायचं असतं."

सरावात ठिगळ्या आडव्या काठीवरून उडी मारण्याऐवजी खालून जाऊ लागला. एकदा बायको वरच्या घरातून खाली घड्याळांच्या दुकानात येऊन म्हणाली, "अंडी हल्ली फार लवकर संपतात."

"मोजायला चुकली असशील," घड्याळजी म्हणाले. भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांत चार वाजले तसा दुकानात पडलेला ठिगळ्या उठला आणि जिना चढून वर घरात गेला. रोजच जायचा. "बघा, घड्याळजीचं कुत्रं आहे! विश्रांतीची वेळ चुकवत नाही," ते गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगत. बायकोने पदर तोंडाला लावला.

शर्यतीच्या दिवशी सासूबाई येणार नव्हत्या. मग "पाय मोकळे होतील" म्हणून आल्या, आणि बरोबर पर्सही घट्ट धरून आल्या. त्यांना मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, दोरीमागे खुर्ची मिळाली. साडूही आले होते, साखळी घेऊन.

तीन वाजता येणारी ठिगळ्याची पाळी रेंगाळत रेंगाळत चार वाजायला आले तेव्हा आली. शिट्टी वाजली. ठिगळ्या सुरुवातीच्या रेषेवर बसला तो बसलाच.

"चल राजा! चल ना रे!" घड्याळजी अगदी रडकुंडीला आले. लोक हसू लागले. साडूंनी साखळी खिशातून काढली.

घड्याळजींच्या मनगटावर चार वाजले. ठिगळ्याचा एक कान उभा राहिला. मग तो जो सुटला! तीन काठ्यांवरून, बोगद्यातून, जिथे पाच सेकंद बसायचं त्या टेबलावरून न थांबता, दोरी ओलांडून थेट सासूबाईंच्या मांडीवर. सासूबाईंचा हात सवयीने पर्समध्ये गेला, आणि रुमालातून सोललेलं अंडं बाहेर आलं.

सगळं मैदान बघत होतं. घड्याळजी तर आ वासून बघत होते.

पंच धावत आले. "प्रेक्षकांनी खायला घातलं! कुत्रं बाद!"

"प्रेक्षक कोणाला म्हणता?" सासूबाई कडाडल्या. "मालकीण आहे मी त्याची!"

"फॉर्मवर यांचं नाव आहे," पंच घड्याळजींकडे बोट दाखवत म्हणाले.

"मग ते खोडा आणि माझं लिहा."

पंचांनी बिचाऱ्यांनी लिहिलं. मग घाम पुसत म्हणाले, "पण आजी, मालकिणीनेही मध्येच खाऊ घालायचं नसतं. बाद ते बादच."

ठिगळ्याचा नंबर आला नाही. ठरल्याप्रमाणे साडू पुढे झाले आणि घड्याळजींनी मान फिरवली. त्यांना ते बघवेना.

"खबरदार!" सासूबाई ठिगळ्याला छातीशी धरून म्हणाल्या. "अट जावयाच्या कुत्र्याची होती. माझ्या कुत्र्याला हात तर लावून बघा!"

साडूंनी साखळी पुन्हा खिशात घातली. "आई, मग एवढा महिना मला कशाला घाबरवलंत?" घड्याळजींनी विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"शब्द दिला होता ना. आता तो मागे कसा घेणार, हे मलाही सुचत नव्हतं," सासूबाई खालच्या आवाजात म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळजींनी पाकीट वाटीत ओतायला घेतलं, तोच त्यांच्यासमोर एक हात आला.

"थांबा जावईबापू. आधी ते भिंग द्या इकडे. माझ्या कुत्र्याला काय घालताय, ते मला वाचू द्या."