बिबट्या संघाची आरोळी

मुथा सरांनी हात वर केला तो लवकर घरी जायची परवानगी मागण्यासाठी. दिवस कलला होता, शिक्षकांची सभा संपायचं नाव घेत नव्हती, आणि कळंबच्या त्या शाळेपासून सरांच्या भाड्याच्या घरापर्यंतचा रस्ता दोन्ही बाजूंनी उसातून जात होता. पण नेमकं त्याच क्षणी मुख्याध्यापकांनी विचारलं होतं, की स्काऊट मास्तरांच्या प्रशिक्षणाला स्वखुशीनं कोण जाईल. बाकी सगळ्यांनी माना खाली घातलेल्या आणि मधोमध एकच हात वर. टाळ्या पडल्या. तरुणांत अजून सेवाभाव शिल्लक आहे, असं मुख्याध्यापक भरल्या गळ्यानं म्हणाले. सरांनी हात खाली घेईपर्यंत त्यांचं नाव जुन्नरला फोनवरून कळवूनही झालं होतं.

संयम मुथा मूळचे जुन्नरच्या बाजारपेठेतले. वडील जवरीलाल यांचं धान्याचं दुकान. लहानपणी सरांनी जवळून पाहिलेलं जनावर म्हणजे गव्हाच्या पोत्यामागचा उंदीर, आणि त्यालासुद्धा घरात कुणी कधी मारलं नाही, समजावून बाहेर घालवलं. पुढे नोकरी लागली कळंबला आणि बिऱ्हाड मिळालं गावाबाहेर, गेणभाऊंच्या मळ्यात. दारात ऊस, मागे ऊस, आणि फोन उघडला की कुणाच्या ना कुणाच्या अंगणातला बिबट्या. सरांनी स्वतः बिबट्या एकदाही पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांच्या भीतीला मापच राहिलं नव्हतं. खाली वाकलेला माणूस बिबट्याला शिकार वाटतो, असं कुणीतरी सांगितल्यापासून ते घराबाहेर कधी वाकत नसत. नाडीचे बूट त्यांनी तेव्हाच सोडले.

प्रशिक्षण जुन्नरजवळच्या डोंगराच्या पायथ्याशी होतं, आठवडाभर, तंबूत. ते ऐकूनच सरांची झोप उडाली. त्यात शिबिरप्रमुख रुपाली मॅडमचा फोन आला. मॅडम मुलींच्या गाईड पथकाच्या जुन्या कॅप्टन, त्यांचा आवाजच शिट्टीसारखा. त्यांनी सांगितलं, की शिबिरात शिक्षकांचे लहान लहान संघ असतात, प्रत्येक संघाला एका प्राण्याचं नाव असतं, आणि संघातल्या प्रत्येकाला त्या प्राण्याची आरोळी आलीच पाहिजे.

"तुमचा संघ बिबट्या," मॅडम म्हणाल्या. "आरोळी घरून तयार करून या. नाही जमली, तर पुढच्या वर्षी आठवडाभर पुन्हा तंबूत."

पुन्हा तंबूत, हे दोन शब्द सरांच्या छातीत जाऊन बसले. एकदा आठवडा काढायचा म्हणजेच जिवावरचं दुखणं होतं, दुसऱ्यांदा काढायला आपण शिल्लक राहू असं त्यांना वाटेना. तेव्हा आरोळी यायलाच हवी. भर दुपारी, दारं-खिडक्या लावून, कानात इअरफोन घालून त्यांनी बिबट्याच्या आवाजाचा व्हिडिओ बघितला. डरकाळी नव्हतीच ती. ओल्या लाकडावर करवत चालवावी तसा आवाज होता, श्वास आत घेताना एकदा आणि सोडताना एकदा. सरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरीही त्यांनी तो व्हिडिओ पुन्हा लावला.

घरात सराव करायची सोय नव्हती, कारण लेक, छोटी आरोही, पहिल्याच आवाजाला किंचाळून रडली आणि बायकोनं, रिद्धीनं, नवऱ्याला घराबाहेर काढलं. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर एकटेच मागच्या धुण्याच्या दगडापाशी उभे राहिले. एक हात दाराच्या कडीवर, नजर उसावर. त्यांनी करवत चालवली. चार-सहा वेळा बरी चालली, मग घशात काहीतरी अडकलं आणि ते खोकत खोकत आत पळाले.

सकाळी दूध घ्यायला गेले, तर गेणभाऊंच्या ओट्यावर ही गर्दी. मधोमध गेणभाऊंची आई, ठमाबाई, हातवारे करत बसलेली.

"मास्तर, तुमी वाचला," ती म्हणाली. "काल तिन्हीसांजेला तुमच्या मोरीमागं व्हता त्यो. ह्या कानांनी ऐकला म्या."

सरांनी दुधाची बरणी छातीशी धरली. काल तिन्हीसांजेला मोरीमागे ते स्वतः उभे होते. म्हणजे आपण तिथे तोंडानं आवाज काढत होतो आणि खरा बिबट्या हाताच्या अंतरावर बसून ऐकत होता. त्यांनी तिथेच भिंतीला पाठ टेकली. आपलाच आवाज कुणी ऐकला असेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही, कारण आपला आवाज कुणाला बिबट्यासारखा वाटेल इतका विश्वास त्यांना स्वतःबद्दल कधीच नव्हता.

मागचं दार बंद झालं. सरांनी सरावाची जागा बदलली. शाळा सुटल्यावर, मैदान रिकामं झालं की ते पाण्याच्या टाकीमागे उभे राहून करवत चालवू लागले. दुसऱ्याच दिवशी शाळेच्या शिपायानं टाकीमागे बिबट्या ऐकला. मुख्याध्यापकांनी मुलांना मैदानावर जायला बंदी केली आणि सभा भर दुपारी घ्यायला सुरुवात केली. सर आता पुरते हादरले. घरामागे होता, तो शाळेपर्यंत आला. मग त्यांनी सगळ्यात सुरक्षित जागा शोधून काढली, ती म्हणजे हेल्मेटच्या आत. काच खाली ओढायची, मोटरसायकल पळती ठेवायची आणि शाळा ते घर एवढ्या रस्त्यावर सराव उरकायचा. आधी नवकार मंत्र म्हणायचा, मग बिबट्या, मग पुन्हा नवकार. हेल्मेटमधून आवाज बाहेर जातो, तो नुसता जात नाही तर घुमून जातो, हे त्यांना कोण सांगणार?

आठवडा संपायच्या आत पंचक्रोशीत एकच बोभाटा झाला. बिबट्या रोज शाळा सुटायच्या वेळी निघतो, रस्त्यानं थेट मळ्यापर्यंत येतो आणि सरांच्या दारात गप्प होतो. ज्यानं त्यानं तो आपल्या बांधावरून जाताना ऐकला होता. शेवटी ठमाबाईनं सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं.

"त्यो मास्तराच्याच मागावर हाय," ती म्हणाली. "आन् खोकतोय बी. म्हातारा झालाय. म्हाताऱ्याला पळती शिकार गावत न्हाई, मंग त्यो मानूस धरतोय. त्यातून असला मऊ."

मऊ हा शब्द सरांना फार लागला. त्यांचं जेवण तुटलं, आवाज बसत चालला. गाडीवरून येताना मागे काही पळत येतंय असं वाटे आणि मान वळवून बघायची हिंमत होत नसे. जुन्नरहून आई सूरजबाईंचा रोज फोन येई, की नोकरी सोड आणि दुकानात बस. वनखात्याचा माणूस येऊन पिंजऱ्याची जागा बघून गेला. ती जागा सरांच्या मोरीमागेच होती. या सगळ्यात सराव मात्र चुकला नाही, कारण बिबट्याची भीती जेवढी होती तेवढीच रुपाली मॅडमची होती.

उलगडा केला तो रिद्धीनं. मळ्यातल्या एका पोरानं बिबट्याचा आवाज फोनवर पकडला होता आणि तो गावभर फिरत फिरत तिच्याकडे आला. स्वयंपाक करता करता तिनं तो ऐकला. करवत चालली, अडखळली, आणि शेवटी खोकला आला. तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"हा तुमचा खोकला आहे," ती म्हणाली.

"काहीतरीच काय."

"लग्न झाल्यापासून रोज रात्री ऐकते मी हा खोकला. बिबट्याचं मला माहीत नाही. खोकला तुमचा आहे."

सरांनी आवाज पुन्हा लावला, मग आणखी एकदा लावला. मोरी, टाकी, रस्ता, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पहिल्यांदा लाज वाटली. पण लाजेच्या मागोमाग असं काही सुख अंगभर पसरलं, की त्यांना हसूच आवरेना. बिबट्या नव्हताच! कुणी मागावर नव्हतं. त्या संध्याकाळी ते कित्येक दिवसांनी अंगणात वाकले आणि आरोहीचा पडलेला चेंडू त्यांनी स्वतःच्या हातानं उचलला.

मग सर खरं सांगून टाकायला गेणभाऊंकडे गेले. गेणभाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, उठून दार लावलं आणि आवाज खाली आणला.

"सर, ह्ये दुसऱ्या कुणाला बोलला न्हाई ना?"

"नाही. का?"

गेणभाऊंनी सांगितलं ते असं. पिकाला पाणी देणाऱ्या मोटारींना वीज मिळायची ती रात्रीची. म्हणजे थंडीवाऱ्यात, अंधारात, एका हातात बॅटरी आणि एका हातात फावडं घेऊन उसाला पाणी भरायचं. मळ्यातला एकेक गडी जीव मुठीत धरूनच पाण्याची दारं धरायला जायचा आणि तो परत येईपर्यंत घरच्या बायका जाग्या असायच्या. दिवसा लाईट द्या म्हणून किती हेलपाटे झाले, पण वीज कंपनीच्या साहेबाचं एकच म्हणणं, की तुमच्या शिवारात बिबट्या कुणी ऐकलाय? आता मात्र गावाची हाकाटी ऐकून साहेब सोमवारी संध्याकाळी स्वतः बघायला येणार होते.

"आन् तुमी म्हणताय, बिबट्याच न्हाई," गेणभाऊ म्हणाले. "सोमवारचा दिस तेवढा काढा, राव."

"गेणभाऊ, स्काऊटचा पहिला नियमच आहे, विश्वासाला पात्र राहायचं. मी खोटं कसं बोलू?"

"बोलाया कोन सांगतंय? तुमी तुमचा सराव करायचा. आन् त्या स्काऊटात दुसऱ्याला मदत करायची आसं कायबी लिवलेलं न्हाई का?"

ते तर प्रतिज्ञेतच होतं. रात्री बॅटरी घेऊन उसात शिरणारी माणसं सरांच्या डोळ्यांसमोर आली. नसलेल्या बिबट्याला भिऊन आपली ही दशा झाली, तर त्यांचं रोज काय होत असेल, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली. त्यांनी होकार दिला.

सोमवारी साहेबांची जीप गेणभाऊंच्या अंगणात लागली, तेव्हा सर मळ्याच्या पार मागच्या अंगाला, उसाच्या कडेला उभे होते. इथे एरवी त्यांनी दिवसासुद्धा पाऊल टाकलं नसतं. पण आता भ्यायचं कुणाला? त्यांनी पाय रोवले, छाती भरून श्वास घेतला आणि करवत चालवली. आवाज नाही म्हटलं तरी बसलेलाच होता. हे अंगणापर्यंत कसलं पोचतंय, असं त्यांना वाटतं न वाटतं तोच उसातून उत्तर आलं.

सरांना गेणभाऊंचं फार कौतुक वाटलं. माणूस वेळप्रसंग ओळखून मदतीला धावला होता. आवाजही बरा होता, फक्त घाई फार. सरांच्या अंगात आता स्काऊट मास्तर संचारला.

"गेणभाऊ, घाई नको," ते उसाकडे बघून हलक्या आवाजात म्हणाले. "पोटातून काढा. ऐका."

त्यांनी सावकाश करून दाखवलं. उसात क्षणभर शांतता झाली. मग आवाज आला, तो खरोखरच पोटातून आला, आणि जरा जवळून आला.

"शाब्बास," सर म्हणाले. "असंच. आता थोडं मोठ्यानं."

या वेळचा आवाज असा काही होता, की सरांच्या पायाखालची माती थरथरली. अंगणात भांडं पडल्याचा आवाज झाला आणि जीप सुरू होऊन निघून गेल्याचंही ऐकू आलं. काम फत्ते झालं होतं. उसातली पानं सरसरली, तेव्हा गेणभाऊ आतल्या आतूनच घराकडे निघाले असं समजून सर बांधाबांधानं, गुणगुणत परतले.

अंगणात गेणभाऊ चहाची बशी हातात धरून उभे होते. चेहरा उजळलेला.

"दिवसा लाईट मंजूर," ते म्हणाले. "साहेब जीपमधूनच हो म्हनलं, खाली उतरलंच न्हाईत परत. सर, काय आवाज काढलाय तुमी. येकदा बारीक, येकदा दांडगा. दोन जनावरं बोलत्यात आसं वाटत व्हतं."

"दांडगा तुमचा," सर म्हणाले. "माझा बारीक."

"माझा? मी कवा काढला? मी तर साहेबांना चहा देत व्हतो. हितनं हाललो बी न्हाई."

सरांनी गेणभाऊंच्या पायांकडे बघितलं. पायांना माती नव्हती. बशीतला चहा गरम होता. सरांचे ओठ हलले, पण नवकारसुद्धा नीट उमटेना. ते भिंतीला धरून धरून घरात गेले, पुढचं दार लावलं, मागचं लावलं, आणि जुन्नरला फोन लावला.

"रुपाली मॅडम, मला संघ बदलून हवाय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मला ससा द्या."

"ससा?" मॅडम विचारात पडल्या. "अहो सर, सशाला आरोळी नसते."

"म्हणूनच," सर म्हणाले.