माहा विरोध लिहून घ्या

फुलचूरच्या आमच्या राममंदिरात आजवर एकही ठराव एकमताने मंजूर झालेला नाही, आणि याचे संपूर्ण श्रेय तुलारामजींना जाते. मी त्या मंदिराचा पुजारी. समितीच्या बैठकीत सर्वांचे हात अनुकूल वर गेले, की मागच्या खांबाशी टेकलेली ती उंच, वाळकी मूर्ती घसा साफ करते आणि म्हणते, "माहा विरोध लिहून घ्या."

विरोध कशाला, असे नवखी माणसे विचारतात. जुनी विचारीत नाहीत. एकदा हनुमान जयंतीला बुंदी वाटावी असे ठरत होते. तुलारामजींनी विरोध केला. आमचे सचिव छबिलाल, किराणा दुकानदार, चिडून म्हणाले, "भाऊ, मागच्या साली तुमीच शिऱ्याले विरोध करून बुंदी मागत होते ना?"

"तवा बुंदी एकटी पडली होती. आता शिरा एकटा पडला."

पुढे तर मंदिराला नवी घंटा घ्यावी हा ठराव त्यांनी स्वतःच मांडला. सर्वांनी तत्काळ माना डोलावल्या. तुलारामजी अस्वस्थ झाले, कोणी उठते का म्हणून इकडेतिकडे पाहू लागले, आणि अखेर स्वतःच्याच ठरावाविरुद्ध त्यांनी हात वर केला. घंटा आली. ती रोज सकाळी पहिल्यांदा वाजवतात तेच.

राज्यपद्धतींचे त्यांचे शास्त्र संक्षिप्त आहे. "एकानं हाकलं त राजेशाही. चार पैसेवाल्यानं हाकलं त सेठशाही. साऱ्यानं भांडून हाकलं त लोकशाही. अन् सारेच मुंड्या हलवून रायले, त समजा झोपशाही!" आयुष्यभर ते रेल्वेत गार्ड होते. "हिरवी झेंडी दाखवून दाखवून हात दुखला, महाराज. आता जराशीक लाल दाखवू द्या."

प्रारंभी मला या माणसाचा त्रास होई. बैठक लांबली की नैवेद्य निवत असे. नंतर ध्यानात आले, की आमच्या शास्त्रग्रंथांतही पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, मांडल्यावाचून सिद्धान्ताला पाय फुटत नाहीत. श्रीरामाने आम्हाला चालता-बोलता पूर्वपक्ष धाडला आहे, असे मानून मी नैवेद्यावर झाकण ठेवू लागलो.

एकुलत्या एका मुलीचे नावही त्यांनी नागरिकशास्त्राच्या पुस्तकातूनच काढले. शासनप्रणालीतले शासन गाळले आणि प्रणाली ठेवले. "घरात शासन तिच्या मायचं चालते," हे त्यावरचे भाष्य.

या प्रणालीला गेल्या वर्षी भिलाईचे स्थळ आले. मुलगा तिच्याच पसंतीचा होता. सोयरीक ठरविण्यास मंडळी जमली, तेव्हा मुलाबद्दल कोणाला चिंता नव्हती. चिंता होती ती बापाची. त्यांच्या पत्नी सरूबाई दाराआडून डोळे वटारून उभ्या होत्या. मी विचारले, "तुलारामजी, आपले मत?"

"मंजूर."

छबिलालचा चहा बशीत सांडला. ते पुटपुटले, "भाऊची तबियत त बरी आहे ना?"

हळदीच्या दिवशी प्रणाली माझ्या पाया पडली आणि पायाशीच बसून राहिली. "महाराज, बाबानं घंटीले विरोध केला, बुंदीले केला. माह्या जाण्यालेच सरळ मंजूर म्हनलं. मी बुंदीपेक्षाबी कमी आहो काय?" ती हसत होती; पण गालांवरची हळद दोन ठिकाणी ओली झाली होती.

मी तडक मांडवामागे गेलो. तुलारामजी एकटेच दोऱ्या ताणून बांधीत होते. मी म्हणालो, "अहो, एवढा विरोध करता, तो इथेच का गिळला?"

त्यांनी गाठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली. "बुंदीचं माहं कोनी ऐकत नाही, महाराज. म्हनून बिनधास्त बोलतो. हे पोरगी माहं ऐकते." दोरीचे टोक ओढत म्हणाले, "ऐकून थांबली असती, त मंग?"

लग्न लागले. पाठवणीची वेळ आली. मोटार फुलांनी सजून उभी होती, स्त्रिया रडत होत्या, आणि तुलारामजी अतिथींच्या चपला उगाच सरळ करीत होते. वयाला शोभणार नाही असे काहीतरी माझ्या मनात आले. मी शंख फुंकला आणि मोठ्याने म्हणालो, "ठराव असा की, सौभाग्यवती प्रणालीला आता निरोप द्यावा. अनुकूल?"

वऱ्हाड प्रथम गोंधळले, मग हसत सर्वांनी हात वर केले. सरूबाईंनीही पदर दातांत धरून केला.

"प्रतिकूल?"

वर गेलेले हात खाली आले. मग चपलांच्या राशीतून एक उंच, वाळका हात हळूहळू वर आला.

"ठराव बहुमताने मंजूर," मी म्हणालो.

"बहुमत मान्य आहे," तुलारामजी म्हणाले. "पन माहा विरोध लिहून घ्या."

प्रणाली रडता रडता खदखदून हसली. "बाबा, हरले तुमी!" म्हणत ती मोटारीत बसली.

मोटार वळणाआड जाईपर्यंत तो हात खाली आला नाही. वऱ्हाडाला वाटले, बाप मुलीला निरोप देत आहे.