नाव वाचून घ्या, मोठ्याने

वाघमारे भाऊसाहेब पदवी अशी सहजासहजी हातात देत नसत. खिडकीच्या गजांमधून ती अर्धी बाहेर सरकवायचे, उरलेली अर्धी चिमटीत घट्ट धरून ठेवायचे आणि म्हणायचे, "नाव वाचून घ्या. मोठ्याने."

पोरं लाजायची. मागे रांग, बाजूला मैत्रिणी, आणि हा गृहस्थ सांगतोय की बालवाडीतल्यासारखं स्वतःचं नाव वाच. कुणी पुटपुटलं तर भाऊसाहेब चष्म्यावरून बघत. "पूर्ण. वडिलांच्या नावासकट." मग नाव खणखणीत वाचलं गेलं की चिमूट सुटायची. नावात चूक निघाली तर सहा महिन्यांत दुरुस्ती होते, नंतर विद्यापीठात खेटे घालावे लागतात, असं ते कारण सांगत. कारण खरंच होतं. पण तेवढ्यासाठी माणूस इतका हट्टाला पेटेल, हे मला कधी पटलं नाही.

मी तेव्हा, म्हणजे दोन हजार चार-पाचच्या सुमारास, उल्हासनगरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो. 'शिकवत होतो' हे माझं मत. विद्यार्थ्यांचं वेगळं असू शकतं. राहायला बदलापूरला. कॉलेजच्या ऑफिसातल्या क्लार्कला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणायची पद्धत आहे. तसे चार भाऊसाहेब होते, पण नुसतं 'भाऊसाहेब' म्हटलं की ते वाघमारेच.

सरकार आणि विद्यापीठ अशा दोन्हीकडून आमच्यावर परिपत्रकं कोसळत. ती प्राचार्य वाचत नसत, आम्ही प्राध्यापक वाचत नसू, आणि ज्यांनी काढली त्यांनी तरी वाचली असतील का, याची मला शंका होती. भाऊसाहेब वाचत. नुसती वाचत नसत, पाळत. स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, "अहो, यंदा दिवाळीची सुट्टी वाढवलीय म्हणे," की दारातून आवाज येई, "कागद दाखवा." हे त्यांचं दुसरं पालुपद. "मला सहसंचालक कार्यालयातून तसं सांगितलंय," असं प्राचार्यांनी म्हटलं तरी भाऊसाहेब हलत नसत. "तोंडी फक्त बीएस्सीची परीक्षा असते, सर. कारभार कागदावर."

एकदा कॉलेजची संलग्नता पुढे चालू ठेवायची की नाही हे बघायला विद्यापीठाची तीन माणसांची समिती आली. प्राचार्यांनी आठ दिवस आधीपासून भिंती रंगवून घेतल्या होत्या, कँटीनवाल्या दादांकडून दाल-पकवान मागवलं होतं. समिती गेटातून आत आली ती नेमकी भाऊसाहेबांच्या हाती लागली. त्यांनी तिघांना नमस्कार केला, पाणी दिलं आणि नेमणुकीचं पत्र मागितलं. अध्यक्ष ते घरी विसरले होते. "अहो, फोनवर ठरलंय सगळं," ते म्हणाले. पुढचं वाक्य तुम्हाला माहीतच आहे. पत्राचा फॅक्स येईपर्यंत समिती विद्यार्थ्यांच्या बाकड्यावर बसून राहिली, पकवान मऊ पडलं आणि प्राचार्यांनी दोनदा रक्तदाबाची गोळी घेतली. पुढे समितीचा अहवाल आला. ग्रंथालय अपुरं, प्रयोगशाळा जुनी, स्वच्छतागृहांबद्दल तर न वाचलेलंच बरं. एकच चांगलं वाक्य होतं : कार्यालयीन शिस्त समाधानकारक. भाऊसाहेबांनी त्या पानाची झेरॉक्स काढून फायलीला लावली. "परिशिष्ट," ते म्हणाले.

पदव्यांच्या बाबतीत मात्र ते अगदीच अडून बसत. ज्याची पदवी त्यानेच स्वतः येऊन, सही करून न्यायची. एकदा जीन्सचा कारखाना असलेले एक सिंधी शेठ आले. मुलगी लग्न होऊन अहमदाबादला गेलेली. "भाऊसाहेब, अपनी ही बच्ची है, दे दो ना. उधर से कौन आएगा?"

"बच्ची आएगी," भाऊसाहेब म्हणाले.

शेठ चिडले, मग हसले, मग गेले. वर्षभराने ती खरंच आली. कडेवर बाळ, सोबत सासू. भाऊसाहेबांनी पदवी अर्धी सरकवली. "नाव वाचून घ्या. मोठ्याने." तिच्या घरात लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलत. तिने कागदावरचं माहेरचं नाव वाचलं, थांबली, आणि न सांगता परत एकदा वाचलं. सासूने विचारलं, "ये कौन है?" तेव्हा ती एवढी हसली की बाळही हसायला लागलं. त्या दिवशी भाऊसाहेब मला चहा पाजायला घेऊन गेले. एरवी ते स्वतः एक कप चहा प्यायलाही काही निमित्त लागतं असं मानणारे.

तर अशा या माणसाच्या टेबलावर एके दिवशी एक परिपत्रक आलं. न नेलेल्या जुन्या पदव्या महिनाअखेर विद्यापीठाकडे परत पाठवाव्यात. आम्हाला वाटलं, भाऊसाहेब त्याच संध्याकाळी गठ्ठा बांधतील. पण आठ दिवस झाले तरी पदव्यांचं कपाट उघडेना. आयुष्यात पहिल्यांदा भाऊसाहेब एका परिपत्रकावर नुसते बसून राहिले. प्राचार्य घाबरले आणि त्यांनी माझी नेमणूक केली : भाऊसाहेबांच्या मदतीने यादी करा. मी आधी विचारलं, "लेखी आदेश आहे ना?" प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. संगतीचा परिणाम, दुसरं काय.

कपाटात पन्नास-साठ पदव्या निघाल्या. भाऊसाहेबांना प्रत्येकीचा मालक पाठ होता. "ही कुळगावच्या मुलीची, भाताची शेती आहे, आता दुधाची डेअरी चालवते. हा विठ्ठलवाडीचा, डेपोत कंडक्टर झालाय. याला वाटतं पदवी मार्कशीटबरोबरच मिळते, वेगळी घ्यायची असते हे माहीतच नाही." मग ते ओशाळून म्हणाले, "सर, मुदत आहे तोवर एक एक पत्र टाकूया का?" आणि दोन आठवडे त्यांनी स्वतःच्या अक्षरात पोस्टकार्डं लिहिली. मजकूर एकच : 'आपली पदवी कॉलेजात आहे. स्वतः यावे. येताना ओळखपत्र आणावे.'

लोक आले. कंडक्टर खाकी कपड्यातच आला आणि त्याने नाव एवढ्या जोरात वाचलं की खालच्या वर्गात तास थांबला. डेअरीवाली किटली घेऊन आली. त्या दोन आठवड्यांतच निम्म्याहून जास्त गठ्ठा संपला. उरलेल्यांची मी यादी करायला बसलो आणि सगळ्यात तळाच्या कागदावर थांबलो.

वाघमारे मिलिंद तुळशीराम. बी.ए. द्वितीय श्रेणी.

"भाऊसाहेब, ही तुमची?"

ते आवक-जावक रजिस्टरमध्ये उगाचच काहीतरी शोधायला लागले. मग हळूहळू बाहेर आलं. सकाळी वर्गात बसायचे, दुपारी त्याच कॉलेजात शिपायाचं काम करायचे. पास झाले, पुढे क्लार्क झाले. पदव्यांचा गठ्ठा आला तेव्हा कपाटाची किल्ली त्यांच्याचकडे आली होती. पहिला गठ्ठा सोडला, त्यात स्वतःचीच पदवी. तेव्हापासून तिथेच.

"मग घेतली का नाही?"

त्यांनी वाटपाचं रजिस्टर उघडून दाखवलं. "दोन रकाने आहेत सर. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. दोन्हीकडे मीच कशी करणार?"

"कुठल्या परिपत्रकात आहे असं?"

"परिपत्रकात नाही," ते म्हणाले. "पण एकाच माणसाने करायचं असतं तर दोन रकाने कशाला आखले असते?"

मी हसलो. मग म्हणालो, "अहो, कुणालाही सांगायचं होतं, त्याने दिली असती."

"मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारतो सर, पदवी नेली का. मला कुणी विचारलं नाही. आपण होऊन काय सांगायचं?" आणि मग एकदम घाईने म्हणाले, "जाऊ द्या. यादीत नाव घाला. परत जाईल."

मला स्वतःची लाज वाटली. याच खिडकीसमोर मी सहा वर्षं चहा पीत उभा राहिलो होतो. यादी मी तिथेच मिटली आणि सांगितलं की हे नाव मी घालणार नाही, काय करायचं ते करा.

शेवटी तोड निघाली ती त्यांच्याच पद्धतीची. भाऊसाहेब रजेवर असतील तर खिडकीचा चार्ज दुसऱ्याकडे देता येतो. पण ते रजेवर कधी गेलेच नव्हते. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा मागितली; कारणाच्या जागी लिहिलं, 'वैयक्तिक : पदवी घेणे.' माझ्या नावाचा आदेश त्यांनीच टाइप केला, त्यावर जावक क्रमांकही त्यांनीच टाकला, आणि किल्ली देताना माझ्याकडून पोच घेतली.

आदल्या संध्याकाळी मी अंबरनाथला त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि खाटेवर त्यांची आई. भाऊसाहेबांनी लग्न केलं नव्हतं; घरात ही दोघंच. "मावशी, उद्या कॉलेजात यायचं," मी म्हटलं. ती म्हणाली, "म्या काय करू तितं? मला वाचाया येतंय व्हय?" बोलता बोलता मी विचारलं, तुळशीराम म्हणजे भाऊसाहेबांचे वडील ना? तिने पदर तोंडाला लावला आणि मुलाकडे बोट केलं. नवऱ्याचं नाव तिने उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. 'मिलिंदचा बाप' म्हणायची.

मला सोडायला भाऊसाहेब नाक्यापर्यंत आले. "बाबा एमआयडीसीत कामाला होते," ते म्हणाले. "तिथे नावाने कुणी हाक मारत नसे, बिल्ल्याच्या नंबराने मारत. घरात आई नाव घेत नसे. माझ्या बापाचं नाव कुणी मोठ्याने घेतलेलं मी फारसं ऐकलंच नाही, सर." मग रिक्षा आली आणि ते ओळखपत्राची झेरॉक्स साक्षांकित करून घ्यायची राहिली म्हणून माझ्या मागे लागले. मी रिक्षातच गुडघ्यावर सही केली.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीआड बसलो. बारा वाजता भाऊसाहेब आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हाताला धरलेली आई. रांगेत पाच-सहा पोरं होती, त्यांच्यामागे जाऊन उभे राहिले. पोरं गोंधळली. "भाऊसाहेब, आत जा ना!"

"मी रजेवर आहे," भाऊसाहेब म्हणाले.

त्यांचा नंबर आला. मी ओळखपत्र मागितलं. मूळ आणि साक्षांकित प्रत, दोन्ही पुढे आल्या. म्हणालो, "बरं झालं. तोंडी चालत नाही इथे." रांगेत हशा पिकला. भाऊसाहेब हसले नाहीत. मी पदवी गजांमधून अर्धी सरकवली, अर्धी धरून ठेवली.

"नाव वाचून घ्या. मोठ्याने."

त्यांनी चष्मा पुसला. "वाघमारे," ते म्हणाले. "मिलिंद." आणि पुढे शब्द फुटेना. हजारो पोरांकडून वडिलांचं नाव वाचून घेतलेला माणूस तिथेच अडला. मला वाटलं, सोडून द्यावी चिमूट. पण सोडली असती तर पदवी त्यांनीच परत दिली असती.

आईने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग त्या कागदाकडे. "काय झालं रं? म्होरं काय लिवलंय?"

त्यांनी शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं.

"बापाचं हाय व्हय?" ती म्हणाली. डोक्यावरचा पदर नीट केला, गजाला धरून उभी राहिली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुळशीराम. म्हन की. तुळशीराम."

"वाघमारे मिलिंद तुळशीराम," भाऊसाहेबांनी वाचलं. पूर्ण. मोठ्याने.

मी चिमूट सोडली. त्यांनी घेणाऱ्याच्या रकान्यात सही केली, मी देणाऱ्याच्या. माझी सही थोडी बिघडली, पण त्यांनी चालवून घेतली. "वेळ टाका सर, राहिली," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, "आता या आत, चहा मागवतो."

"दीड वाजेपर्यंत रजा आहे," ते म्हणाले आणि आईला घेऊन समोरच्या बाकड्यावर जाऊन बसले, समिती बसली होती त्याच. मी पुढच्या पोराचे कागद तपासायला घेतले. पण दीड वाजेपर्यंत माझं लक्ष बाहेरच होतं. म्हातारी दर थोड्या वेळाने कागदावर बोट ठेवून म्हणत होती, "परत एकदा वाच," आणि भाऊसाहेब वाचत होते.