गप्प तुळई

आमच्या शेजारचे किसनअप्पा सुतार कुणाच्याही घरी गेले की माणसांना रामराम घालत नाहीत. आधी खांबाला कान लावतात. "कसं काय?" असं त्यालाच विचारतात, बोटानं तीनदा ठोकतात आणि जवाबाची वाट बघतात. तेवढ्यात चहा निवतो आणि घरातल्यांचा जीव टांगणीला लागतो.

एकदा जालन्यात लग्नाला गेलो, तर मांडवाशेजारच्या सिमेंटच्या खांबालाही त्यांनी कान लावला. "मुका हाय बिचारा," म्हणाले आणि जेवायला बसले.

वडीगोद्रीजवळच्या आमच्या गावात माळवदं आता दोनचारच उरलीत. सागवानी खांब, त्यांवर लांबलचक तुळया आणि वर पांढऱ्या मातीचं जाड छत. अप्पांचं घर त्यातलंच. बदनापूरला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं मला गळच घातली. "तुळई किडलीय. एक दिवस घर अंगावर येईल. माझं बिलकुल ऐकत न्हाईत, तुम्ही सांगून बघा."

भर दुपारी गेलो. आत थंडगार अंधार. अप्पा शिडीवर उभे, तुळईला कान लावून. ठक, ठक, ठक.

"बोलू नको," ते कुजबुजले. "ती सांगंल."

"कोण?"

"तुझी काकू."

काकू जाऊन चार वर्षं झाली होती.

"दोघं जायचो कामाला," अप्पा सांगू लागले. "मी या टोकाला ठोकायचो, ती त्या टोकाला कान लावायची. लाकूड चांगलं असलं की उलटं दोनदा ठोकायची. किडलं असलं की गप. आता रोज ठोकून राह्यलो, जवाबच येत न्हाई."

मी भुताखेतांना मानत नाही. तरी भिंतीपलीकडच्या खोलीत शिरताना पाय जड झाले. धान्याच्या कोठीवर चढून तुळईच्या दुसऱ्या टोकाला कान लावला. "ठोका, अप्पा!"

आवाज आला, पण पोकळ, भुसभुशीत, फार लांबून आल्यासारखा. उलटं दोनदा ठोकावं, म्हाताऱ्याला बरं वाटेल, असं मनात आलं. मूठ उचललीही. पण ती तुळई त्यांच्याच डोक्यावर होती. मी गप्प राहिलो.

बाहेर आलो, तर अप्पा शिडीवरून उतरून डोळे पुसत होते आणि हसतही होते.

"मला वाटायचं, ती न्हाई म्हणून जवाब न्हाई. आरं, ती तर ऐकूनच गप हाय! पोराला सांग, खुशाल पाड म्हणावं."

अप्पांनी खांद्यावर हात ठेवला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला विचारलं, "तुझं कसं काय?"