पंचवीस आजारी पाहिजेत

गोजराबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि चुलीसमोरूनच विचारलं, "मौलाभाई, पंचवीसला किती कमी पडत्यात?"

"सतरा," उंबऱ्यावर बसलेला मौला म्हणाला.

मौला म्हणजे दवाखान्यातला कंपाउंडर. आणि करंजवाडीचा दवाखाना म्हणजे चावडीमागची एक खोली, तिच्यात एक टेबल, एक बाक आणि लाल औषधाची बरणी. दर बुधवारी सकाळच्या यष्टीनं तालुक्याहून सबनीस डॉक्टर यायचे आणि साडेचारच्या यष्टीनं परत जायचे. तेवढ्या वेळात गावानं काय आजारी पडायचं ते पडून घ्यायचं. आणि आता वरनं कागद आला होता. महिनाभर दर बुधवारी पंचवीस रोगी भरले तर ठीक, नाहीतर डॉक्टरांचा बुधवार दुसऱ्या गावाला.

"आठच येत्यात," मौला म्हणाला. "त्यातलं बी दोघं नुस्तं माज्याशी गप्पा हाणाया."

पंचाईत अशी की करंजवाडी भलतीच धडधाकट. भात कापून झालेलं, खळी लागलेली, नव्या तांदळाचा भात पोटात. एखादं दुखणं चुकूनमाकून वेशीपर्यंत यायचं, मारुतीला विचारायचं, कुणी रिकामं हाय का? मारुती म्हणायचा, सगळी खळ्यावर हायेत. की ते बिचारं तसंच पाय ओढत शेजारच्या भरे गावाच्या वाटेला लागायचं.

अख्ख्या गावात भरवशाचा रोगी एकच, गोजराबाईचा नवरा भिकू. त्याला दमा. धरणाच्या पाण्यावरनं गार वारं सुटलं की त्याच्या छातीत अशी शिट्टी वाजायची की पलीकडच्या तीरावरची कुत्री कान टवकारून इकडं बघायची. बुधवारी डॉक्टर एक इंजेक्शन द्यायचे आणि त्यावर भिकूचा आठवडा निघायचा. मौलाच्या वहीत दर बुधवारचं पहिलं नाव त्याचं.

"मी... पक्कं... गिऱ्हाईक," कणगीला पाठ टेकून बसलेला भिकू म्हणाला. एकेक शब्द झाला की तो थांबायचा, खोल विहिरीतनं पोहरा ओढावा तसा श्वास ओढायचा, मग पुढचा शब्द. "पर एकट्यासाटी... दुकान... कोण... चालवंल?"

गोजराबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. दुसरा दवाखाना अडीच कोसांवर. भिकूला परसातल्या लिंबापर्यंत जायचं तरी तो मधे दोनदा टेकायचा. बुधवार गेला म्हणजे भिकू गेला, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

तिनं भाकरी उलटली. "सतराच ना? पाडते आजारी."

दुसऱ्या दिवसापासून ती गावात दुखणी वाटत फिरली. लग्नाचं बोलावणं करावं तशी घरोघर. हातात कुंकवाचा करंडा नव्हता एवढंच. एका घरात एकच दुखणं दोघांना द्यायचं नाही, हा तिचा नेम. सासूला गुडघा दिला तर सुनेला डोकं. धोंडाबाईला पोट दिलं, कुशाबाला कंबर दिली.

सरपंच हैबतरावांच्या वाट्याला खरूज आली. ते तडक उठून तिच्या दारात.

"वैनी, मला खरूज? सरपंचाला?"

"मग काय द्यावं भावजी? पडसं हाय शिल्लक."

"पडसं कुनालाबी व्हतंय. कायतरी इंग्रजी द्या."

"मग बलडपेशर घ्या."

"त्याला काय करावं लागतंय?"

"कायबी न्हाई. खुर्चीत बसायचं, घाम पुसायचा अन् समद्यांवर खेकसायचं."

"ते तर मी रोजच करतुया!"

"म्हंजी जुनंच हाय तुमचं," गोजराबाई म्हणाली, आणि हैबतराव समाधानानं घरी गेले.

पहिल्या बुधवारी सत्तावीस रोगी भरले. सबनीस डॉक्टर तरुण होते, पुण्याचे होते, त्यांना वाटलं गावाचा आपल्यावर विश्वास बसला. पण गोजराबाईच्या जिवाला घोर. उन्हात ताटकळून ताटकळून माणसांची दुखणी उतरायला लागली. डावा पाय लंगडत आलेला माणूस दुपारी उजवा लंगडायला लागला. डोकं दुखणारी सून बाकावर बसून गाणं म्हणत होती. कुशाबा तर कंबर विसरून मौलाची बरणी उचलून द्यायला धावला.

तेव्हा गोजराबाईनं दारात उभं राहून नवा कायदा केला. "खोटं दुखणं लोण्यावानी असतंय, मौलाभाई. उनात ठिवलं की इतळतंय. ती समदी आदी आत घाला."

"अन् भिकूदादा?"

"ह्ये जातील शेवटी. खरं दुखणं कुटं पळून जातंय?"

पटण्यासारखंच बोलली ती. मौलालाही पटलं, भिकूलाही पटलं. तेव्हापासून भिकू लिंबाच्या सावलीत घोंगडीवर बसायचा, सगळं गाव बरं होऊन गेलं की आत जायचा, इंजेक्शन घेऊन बाहेर यायचा. दुसरा बुधवार सव्वीस. तिसरा अठ्ठावीस. त्यात एक नवल घडलं. धोंडाबाई खोटं पोट घेऊन आत गेली आणि डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. म्हणाले, पोटाचं राहू द्या, तुमच्या अंगात रक्तच नाही, कधीपासून थकवा आहे? धोंडाबाई म्हणाली, "थकवा म्हंजी? बाईमानसाला असतूय तसा." तिला लोखंडाच्या गोळ्या मिळाल्या. बाहेर येऊन ती गोजराबाईला म्हणाली, "अगं बया, तू दिलेलं खोटं निगालं अन् न दिलेलं खरं!" सगळे पोट धरधरून हसले.

राहिला महिन्यातला शेवटचा बुधवार. आणि नेमकं त्याच दिवशी पलीकडच्या गावात लग्न. अर्धं गाव सकाळीच बैलगाड्या जुंपून जाणार. गोजराबाईनं मंगळवारी बोटांवर मोजून पाहिलं, तीनतीनदा मोजलं. भिकू धरून चोवीस.

एक कमी!

गावात राहिलेल्यांत आजारी न पडलेला एकच गडी, नथू. जन्मात आजारी पडला नव्हता. त्याच्या अंगावर बसलेला डास आजारी पडायचा. त्यातून सगळी दुखणी तीन बुधवारांत वाटून संपलेली. काय द्यावं याला? तिला एकच दुखणं अगदी आतून-बाहेरून माहीत होतं. तिनं नथूला घरी आणलं, भिकूसमोर बसवलं.

"ह्याला दमा शिकवा."

नथूनं कुत्र्यासारखं ल्हा-ल्हा करून दाखवलं. भिकू मान हलवायला लागला.

"आरं... तसं न्हाई. हवा आत... घ्यायला... लई कष्ट न्हाईत. भाईर... टाकायला हायेत. खांदं... वर घे. हात... गुडघ्यावर. आता... शिट्टी."

नथूनं शिट्टी काढली. भिकू हसला, हसता हसता त्याला खरी धाप लागली, तर नथू त्याच्याकडं बघून तश्शी धाप टाकायला लागला. समोरासमोर दोघं, एक खरा, एक खोटा. गोजराबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि क्षणभर तिला कळेना कुणाला द्यावा.

"पोरगं... हुशार हाय," भिकू म्हणाला. "मला बी... खरं वाटलं."

बुधवारी नथूचा नंबर पहिला. कारण त्याचं दुखणं सगळ्यांत कच्चं. डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावली. आता नथू मिसरूड फुटायच्या आधीपासून बिडी ओढणारा. आत पिठाची गिरणी चालावी तसा आवाज आला. डॉक्टर घाबरले. "अरे, हे कधीपासून?" म्हणत त्यांनी पेटी उघडली. पेटीत कापसात गुंडाळलेल्या काचेच्या दोन कुप्या असायच्या, एक भिकूची आणि एक जास्तीची. डॉक्टरांनी जास्तीची फोडली आणि नथूला टोचली.

आता इथं नथूनं थांबायचं. पण नथूमधला कलावंत जागा झालेला. त्यानं विचार केला, एका सुईत बरा झालो तर खोटं वाटेल. त्यानं खांदे आणखी वर घेतले, शिट्टी आणखी बारीक केली. मौला मागनं डोळे मोठे करून खुणावत होता. नथूला वाटलं, शाबासकी देतोय. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. थोडा वेळ वाट पाहून त्यांनी दुसरी कुपी फोडली.

त्या इंजेक्शनांनी नथूचं काळीज असं धडधडायला लागलं की तो दवाखान्यातनं जो सुटला तो थेट खळ्यावर. बैल सोडून दिले आणि हैबतरावांचं अख्खं खळं एकट्यानं झोडपून काढलं. लग्नाहून परतलेल्या लोकांना वाटलं, गावात मळणीचं यंत्र आलं.

चोवीस झाले. पंचविसावा भिकू आत आला. मौलानं वहीत नाव लिहिलं आणि खालची रेघ ओढली. आकडा भरला होता. गोजराबाईनं दाराबाहेरनंच मारुतीच्या दिशेनं हात जोडले.

डॉक्टर पेटीत हात घालून तसेच उभे होते.

"भिकूबा, इंजेक्शन संपलं हो. दोन्ही गेली. आज एक नवा रोगी निघाला, फार जोराचा दमा."

मौलानं मान खाली घातली. गोजराबाईचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आता खरं सांगितलं तर फोडलेली कुपी जुळून येणार नव्हती, पण आकडा मात्र चोवीस होणार होता.

भिकूनं विचारलं, "लई... जोराचा... व्हता व्हय?"

"तुमच्यापेक्षा," डॉक्टर म्हणाले.

भिकूचं तोंड हसून कानापर्यंत गेलं. गुरुजींचा मुलगा पहिला आल्यावर गुरुजी हसतात तसं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, उद्याच्या यष्टीच्या कंडक्टरकडं कुपी पाठवतो, मौला टोचेल, एक दिवस काढा. आणि साडेचारला गेले.

गुरुवारी वारं सुटलं. गोजराबाई सकाळपासून फाट्यावर उभी राहिली. भऱ्याच्या पुढं दगडांचा ट्रक आडवा कलंडला होता, रस्ता बंद होता. हे तिला एका सायकलवाल्यानं सांगितलं. तरी ती दिवस मावळेपर्यंत उभी होती. घरी आली तर भिकू कणगीला टेकून तसाच.

"आली... यष्टी?"

"उद्या पैलीच येती."

"नथूला... इचार. शिल्लक... आसंल त्येच्यात... थोडी."

ती हसली नाही म्हणून तोच थोडं हसला.

शुक्रवारी उजाडताना त्यानं तोंड धुवायला पाणी मागितलं. ती तांब्या भरून आली तोवर शिट्टी थांबली होती. इतक्या वर्षांत घर एवढं गप्प तिनं कधी ऐकलं नव्हतं. दोन तासांनी मौला फाट्यावरनं धावत आला. हातात पुठ्ठ्याचं खोकं, खोक्यात कापूस, कापसात कुपी. अंगणात माणसं बघून तो वाटेतच उभा राहिला.

नथू सगळ्यांच्या मागं भिंतीला चिकटून होता. तिसऱ्या दिवशी तो तिच्यासमोर येऊन बसला.

"काकी, मी थांबाया पायजे व्हतं. मला कळंना कुटं थांबावं त्ये."

गोजराबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "नक्कल लई चांगली केलीस रं. त्यांनी सवता सांगितलं मला. दाक्तरला बी फसिवलंस, म्हनाले." नथू गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला. त्याचे खांदे वर-खाली व्हायला लागले, तसेच, शिकवल्यासारखे. ती उठून आत गेली.

तेरावं झालं. मग वरनं दुसरा कागद आला. गावात रोगी फार, सबब डॉक्टर आता बुधवारी आणि शनिवारी, दोन दिवस येतील. वहीत दम्याचे रोगी दोन दिसले, सबब कुप्या दोनाच्या चार. मौलानं तो कागद चावडीवर वाचला. हैबतरावांनी नुसता घाम पुसला, आणि त्या वेळी तो खरा होता.

पुढच्या बुधवारी यष्टीतनं उतरलेली डॉक्टरांची पेटी घेऊन मौलानं खोली उघडली तर दारात गोजराबाई. तिनं पदराची गाठ सोडली, शुक्रवारची ती कुपी काढली आणि पेटीतल्या चार कुप्यांशेजारी ठेवली.

"ही बी आसू द्या. मोडली न्हाई. कुनाला लागंल."

मग ती बाकाच्या टोकाला जाऊन बसली. हळूहळू माणसं आली. गावाला तोंड दाखवायची लाज वाटत होती, त्यामुळं फार नाहीत. धोंडाबाई गोळ्यांसाठी आली. कुशाबा आला, त्याची कंबर आता खरोखरच धरली होती. नथू आला आणि काही न सांगता लांब उभा राहिला. डॉक्टर खुर्चीत बसले. त्यांनी गोजराबाईकडं पाहिलं आणि काय विचारावं ते न सुचून मौलाकडं पाहिलं.

मौलानं वही उघडली. वर पहिल्या ओळीवर, भिकूच्या जागी, त्याची पेन्सिल जुन्या सवयीनं टेकली आणि तिथंच थांबली.

"वैनी," तो हळू म्हणाला, "पैला नंबर तुमचा हाय. या आत. काय व्हतंय?"

अख्ख्या गावाला तिनं दुखणी वाटली होती, कुणाला कुठलं ते तोंडपाठ होतं. स्वतःसाठी एकही ठेवलेलं नव्हतं.

"त्यास्नी जाऊ द्या म्होरं," गोजराबाई म्हणाली आणि बाकावर आणखी थोडी कडेला सरकली. "माजं कुटं पळून जातंय?"