मागचा डावा पाय

व्यायामाची सायकल जोडून पूर्ण झाली, तेव्हा मोजणीदारांनी तिच्या दांड्यावर आपली जुनी पाणसळ ठेवली. काचेतला बुडबुडा क्षणभर इकडेतिकडे हलून बरोबर मध्यावर स्थिरावला आणि मोजणीदारांनी समाधानाने डोळे मिटले. चौतीस वर्षे त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. माणसे खोटे बोलतात, कागद खोटे बोलतात, बुडबुडा मात्र कधी खोटे बोलत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती.

सायकल लेकीने पाठवली होती. हृदयाच्या डॉक्टरांनी रोज अर्धा तास व्यायाम सांगितला होता, आणि वडील एकटे रस्त्यावर फिरायला जाणार या कल्पनेने दूर राहणाऱ्या लेकीच्याच हृदयाला धोका निर्माण झाला होता.

“बाबा, पुस्तिकेत लिहिलंय,” ती फोनवर म्हणाली, “बसण्याआधी सायकल दोन्ही हातांनी हलवून बघा. चारही पाय जमिनीला टेकलेत ना?”

“पाणसळ लावलीय.”

“हलवून बघा म्हणतेय मी.”

“अगं, बुडबुडा मध्यावर आहे. त्यात हलवायचं काय?”

मोजणीदारांचे चुकले ते इथेच. सायकल सपाट होती यात शंका नाही. परंतु खोलीची फरशी सपाट नव्हती. त्यामुळे सायकलीचे तीन पाय भक्तिभावाने जमिनीवर टेकलेले होते आणि मागचा डावा पाय नखाच्या जाडीएवढा अधांतरी होता. चारही कोपऱ्यांना उंची कमीजास्त करण्यासाठी रबरी टोपणाचे स्क्रू होते. पण ज्याचा बुडबुडा मध्यावर आहे, तो स्क्रूकडे कशाला पाहील?

डॉक्टरांनी आणखी एक पथ्य घातले होते. “चालवताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं, की समजा वेग जास्त झाला.”

“बोलायचं कुणाशी?” मोजणीदारांनी विचारले.

“घरात कोणी असेल त्याच्याशी.”

पत्नीला जाऊन आठ वर्षे झाली होती. घरात, म्हणजे खालच्या मजल्यावर, धाकटा भाऊ आणि भावजय राहत होती. पण भावाशी त्यांचे बोलणे सहा वर्षांपूर्वी थांबले होते. वडिलांच्या पश्चात घराची वाटणी झाली, तेव्हा वरचा मजला थोरल्याचा आणि खालचा धाकट्याचा, हे दोघांनाही मान्य होते. जिना तेवढा राहिला. जिन्याला पायऱ्या एकवीस. मोजणीदारांनी फीत लावली, खडू घेतला आणि अकराव्या पायरीच्या मधोमध, अत्यंत न्याय्य अशी एक रेघ ओढली. धाकट्याने त्या रेघेकडे पाहिले. “पायरीसुद्धा?” एवढेच तो म्हणाला आणि खाली निघून गेला. रेघ आठवड्याभरात पुसली गेली. अबोला राहिला. माप एका सुतानेही चुकले नव्हते, हे मोजणीदार पहिली दोन वर्षे स्वतःला अभिमानाने सांगत. पुढची चार वर्षे त्यांनी ते सांगणे बंद केले होते.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला मोजणीदार सायकलवर बसले आणि पुस्तिकेप्रमाणे पहिली पाच मिनिटे संथ गतीने पेडल मारू लागले. टक, टक, टक असा मंद नाद येत होता. यंत्राचा स्वभावच असेल, असे त्यांना वाटले. दहाव्या मिनिटाला दारात भावजय उभी राहिली. ती बोलत असे. अबोला भावाभावांतला होता, आणि त्यात आपल्याला वाटा नको, असे तिने आरंभीच सांगून टाकले होते.

“दादा, जरा थांबता का? खाली ह्यांचे स्क्रू चालायला लागलेत.”

“चालायला?”

“टेबलावरून. एक तर कडेपर्यंत गेला आणि त्यानं उडी मारली. मघापासून आम्ही दोघं जमिनीवर रांगतोय.”

धाकटा भाऊ घड्याळजी होता. त्याचे दुरुस्तीचे टेबल या खोलीच्या बरोबर खाली होते आणि त्यावरचे स्क्रू मोहरीपेक्षा लहान असत.

“त्याला सांग, सायकल सपाट आहे. पाणसळ लावून बघितलीय.”

भावजय खाली गेली आणि वर आली. “ते म्हणतात, मागचा डावा पाय लोंबतोय.”

“खाली बसून त्याला माझ्या सायकलीचा पाय दिसला?”

“ऐकू आला, म्हणतात.”

“म्हणावं, कान तपासून घे.”

ती पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. “ते म्हणतात, कान शाबूत आहेत म्हणून तर त्रास होतोय.”

दुसऱ्या दिवशीही हेच झाले. चौथ्या खेपेला भावजय दारातल्या खुर्चीवर बसली आणि पदराने घाम पुसू लागली. “व्यायाम तुमचा आणि दम मला! माझे गुडघे गेले बाई. उद्यापासून ज्याचं त्यानं बोलावं.”

तिसऱ्या दिवशी सातव्या मिनिटाला जिन्यावर निराळी पावले वाजली. मोजणीदारांचे पाय आपोआप मंदावले. दारात धाकटा उभा होता. कपाळावर भिंगाची पट्टी, हातात छोटा पाना. सहा वर्षांत त्याचे केस बरेच विरळ झाले होते. रोज खिडकीतून त्याला येता-जाता पाहणाऱ्या मोजणीदारांना हे आजवर कळले नव्हते, कारण वरून पाहताना त्याच्या डोक्यावर टोपी असे.

धाकट्याने भावाकडे पाहिले नाही. तो सायकलकडे पाहून म्हणाला, “हिचा मागचा डावा पाय लोंबतोय.”

“पाणसळ...” मोजणीदारांनी सुरुवात केली.

“पाणसळीचं जमिनीला विचार आणि पाय हलवून बघ.”

त्याने एका बोटाने सायकल ढकलली. टक्. पुन्हा ढकलली. टक्. मग तो वाकला आणि तो स्क्रू जमिनीला टेकेपर्यंत फिरवला. टक् नाहीसे झाले. धाकटा उठला आणि पाना खिशात टाकून खाली गेला.

चौथ्या दिवशी सायकल निःशब्द चालली. मोजणीदारांनी अर्धा तास पूर्ण केला. जिन्यावर कोणीही आले नाही. इतका आरोग्यदायी आणि इतका उदास अर्धा तास त्यांनी आयुष्यात घालवला नव्हता. दोन वाक्ये, तीही एका यंत्रासंबंधी. पण त्यांपैकी एकात ‘विचार’ होते आणि ‘बघ’ होते. तो एकेरीत बोलला होता, जसा लहानपणी बोलत असे. आता पुन्हा तसे कोण बोलणार? सायकल तर दुरुस्त झाली!

त्या सायंकाळी, ज्यांनी उभ्या हयातीत सरकारी मापात फेरफार केला नव्हता, त्या मोजणीदारांनी पक्कड घेतली आणि मागच्या डाव्या पायाचा स्क्रू दोन फेरे बाहेर काढला.

सकाळी सायकल डुगडुगू लागली आणि सहाव्या मिनिटाला धाकटा वर आला.

“परत?”

“आपोआप सैल झाला बहुतेक.”

“स्क्रू आपोआप सैल होत नाही, दादा.”

‘दादा’ ऐकून मोजणीदारांचे पेडल अर्ध्या फेऱ्यात थांबले. धाकट्याने पाना लावला, स्क्रू फिरवला आणि जाता जाता म्हणाला, “आणि सीट वर घे. गुडघा कानाला लागतोय तुझा.”

“पुस्तिकेत कमरेएवढी लिहिलीय.”

“कमर तुझी की पुस्तिकेची? टाच पेडलवर ठेव. पेडल खाली गेलं की पाय सरळ व्हायला हवा. हं, आता ठीक.”

यानंतर हा रोजचाच क्रम झाला. सायंकाळी मोजणीदार गुपचूप दोन फेरे काढीत आणि सकाळी धाकटा कुरकुरत वर येई. चपला घालून चालवू नकोस, बूट घाल. पायजम्याचे टोक खोच, अडकेल. उतरताना उडी मारू नकोस, चाक थांबू दे. मोजणीदार प्रत्येक गोष्टीला विरोध करीत, कारण विरोध केला तर धाकटा आणखी पाच मिनिटे थांबे. डॉक्टरांनी तपासणीच्या वेळी विचारले, “चालवताना बोलता येतं ना?”

“भांडता येतं,” मोजणीदार म्हणाले.

“उत्तम! असंच चालू द्या.”

अकराव्या दिवशी धाकटा आला नाही. साडेसहा झाले, पावणेसात झाले. कोणीतरी सकाळीच घड्याळ घेऊन आले असावे, कारण खालून बोलण्याचा आवाज येत होता. मोजणीदार अस्वस्थ झाले. आवाज पुरेसा होत नसेल काय? त्यांनी वेग वाढवला. सायकल डुगडुग करू लागली. त्यांनी आणखी वाढवला. धाप लागली, आता कोणी विचारले असते तर त्यांना स्वतःचे नावही सांगता आले नसते. मनातल्या मनात ते म्हणत होते, ये की रे, ये.

मागचा डावा पाय त्या क्षणी सायकलीला सोडून गेला. सायकलीने त्या कोपऱ्यावर गुडघा टेकला, मोजणीदार कपाटाकडे कलले आणि पेडलच्या पट्ट्यांत पाय अडकलेले असल्यामुळे सायकलीसह, अत्यंत सावकाश, डाव्या मनगटावर येऊन पडले.

धाकटा एकवीस पायऱ्या कशा चढला हे त्यालाही पुढे सांगता आले नाही. त्याच्यामागे भावजय धावत आली.

“दादा! कुठं लागलं? छातीत दुखतंय का? बोल ना!”

“मनगट,” मोजणीदार म्हणाले. “छातीत काही नाही.”

धाकट्याने पट्ट्या सोडवून त्यांचे पाय मोकळे केले, सायकल बाजूला ओढली आणि त्यांना भिंतीशी टेकवून बसवले. मग त्याची दृष्टी फरशीवर पडलेल्या स्क्रूकडे गेली. त्याने तो उचलला, कपाळावरचे भिंग डोळ्यावर ओढले आणि बराच वेळ पाहत राहिला.

मोजणीदारांना कळून चुकले. मनगटापेक्षा ते मौन अधिक दुखू लागले.

“त्यावर पकडीचे दात आहेत,” ते हळूच म्हणाले. “माझ्याच पकडीचे. रोज संध्याकाळी दोन फेरे काढत होतो मी. तू वर यावास म्हणून. आता रागव हवं तर. पण बोलून रागव.”

धाकट्याने भिंग वर सरकवले. त्याचे डोळे ओले झाले होते. पण तो रागावला होता तो भलत्याच कुणावर तरी.

“पकडीचे दात मला दुसऱ्याच दिवशी दिसले. घड्याळजी आहे मी. एवढं दिसत नाही असं वाटलं तुला?”

“मग... तू येत का राहिलास?”

“आणि तू दोन काढायचास, तेव्हा मी परत किती बसवायचो, मोजलंस कधी?” त्याने मान खाली घातली. “एक. रोज एकच. म्हटलं, पूर्ण बसवला आणि तुझा विचार बदलला तर? उद्या यायला काहीतरी नको?”

मोजणीदारांनी मनातल्या मनात हिशेब केला. रोज दोन बाहेर आणि एक आत. सात सायंकाळी चौदा बाहेर, सहा सकाळी सहा आत; उरले आठ फेरे. मोजमापाचे चौतीस वर्षांचे ज्ञान गाठीशी असून हे साधे उत्तर त्यांना जमिनीवर पडल्यावर सुचले होते.

“शाबास,” भावजय म्हणाली. “एकानं पाडलं, दुसऱ्यानं हातभार लावला. आता उठा, दवाखाना उघडला असेल.”

दवाखान्यात हाडाला बारीक चीर निघाली. प्लॅस्टर चढवून झाल्यावर डॉक्टरांनी लेखणी उचलली. “पडलात कशामुळे?”

“माझ्या चुकीमुळे,” मोजणीदार म्हणाले.

“अजिबात नाही,” धाकटा पुढे झाला. “चूक माझी. स्क्रू मी अर्धवट बसवला.”

“काढला कुणी पण? मी!”

“तू काढलास तो उपाय म्हणून. मी कारागीर आहे. कारागिरानं सैल बसवायचा नसतो.”

“थोरला कोण? मी की तू? मी म्हणतो माझी चूक, तर माझी!”

“हे बरंय! वाटणीतही तूच मोठा आणि चुकीतही तूच मोठा?”

आवाज इतके चढले, की बाहेर ताटकळलेले दोन रुग्ण दारातून डोकावले. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. “आपण एकमेकांचे कोण?”

सहा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता आणि विचारला असता तर दोघांनीही विषय बदलला असता.

“भाऊ,” दोघे एकदमच म्हणाले.

“तरीच,” डॉक्टर म्हणाले आणि कागदावर ‘घरगुती अपघात’ असे लिहून सहा आठवडे सायकल बंद ठेवण्यास सांगितले.

परतताना भावजय पुढे चालकाशेजारी बसली आणि दोघे भाऊ मागे. गाडी निघाली तशी शांतता पसरली. भांडण संपले होते आणि सायकल बंद झाली होती. बोलण्यासाठी कोणतेही अधिकृत कारण उरले नव्हते. मोजणीदारांना पुष्कळ सांगायचे होते. पत्नी गेल्यानंतर दिवाणखान्यातली दुसरी खुर्ची कशी रिकामी राहिली, ते. धाकट्याला गेल्या वर्षी ताप आला, तेव्हा आपण जिन्याच्या वरच्या टोकाशी तीन दिवस उभे राहून खोकला कसा ऐकत होतो, ते. शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच बसून राहिले.

पुढून भावजय मागे न वळता म्हणाली, “आता परत अबोला धरलात, तर उरलेले तीन स्क्रू मी काढीन.”

मोजणीदार खाकरले.

“का रे, त्या स्क्रूचे आटे एवढे बारीक का असतात?”

धाकट्याने चटकन मान वळवली. खिशातून तो स्क्रू काढून त्याने तळहातावर धरला आणि सांगायला लागला: आटे जाड असते तर काय झाले असते, बारीक असल्याने उंची केसाएवढी कशी साधता येते, घड्याळातले याहून किती बारीक असतात. मोजणीदारांना त्यातले निम्मे कळले नाही. ते नुसते ‘हो का?’ आणि ‘मग?’ म्हणत राहिले, आणि उत्तर घर येईपर्यंत पुरले.

उतरताना त्यांच्या मनात आले, की हा प्रश्न विचारायला काही लागले नव्हते. सहा वर्षांतल्या कोणत्याही सकाळी, जिन्याच्या वरून, नुसती मान खाली वाकवून तो विचारता आला असता.