पंचवीसचाच कपॅसिटर

ठाण्याच्या नौपाड्यातील ‘सदानंद कृपा’ या सात मजली इमारतीची लिफ्ट तीन महिन्यांत तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा व्यवस्थापक समितीने नियमानुसार प्रथम ‘लिफ्ट बंद आहे’ अशा पाट्या लिहवून घेतल्या आणि त्या सातही मजल्यांवर लावायला वॉचमनला जिन्याने पाठवले. मग खोपटच्या स्वप्ना ओव्हाळला फोन केला.

स्वप्ना इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमाधारक. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये पत्रा तापून तव्यासारखा झालेला. तिने पॅनेल उघडून पॉवर सप्लायचा बोर्ड बाहेर काढला, तर आतला कपॅसिटर पुरीसारखा टम्म फुगलेला. त्याच्या पोटावर छापले होते: पंचवीस व्होल्ट. लाइन चोवीसची. वीज जरा उसळली की लाइन सत्तावीस-अठ्ठावीसला जाणार, वरून हा उकाडा. फुगला नसता तरच नवल.

उतरताना सहाव्या मजल्यावरच्या सुमेधाताई खऱ्यांनी तिला पाणी प्यायला आत बोलावले. ताईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते आणि तीन आठवडे त्यांनी खालचा रस्ता पाहिला नव्हता.

“रविवारी विजयाची पंचाहत्तरी आहे गं, डोंबिवलीला. माझी धाकटी बहीण. होईल ना तोवर?”

“होईल आजी. फक्त पन्नास व्होल्टचा टाकायला हवा. चोवीसच्या कामाला पंचवीसचा म्हणजे श्वास घ्यायला जागाच नाही.”

“म्हणजे वाढत्या अंगाचा घ्यायचा! शाळेचा युनिफॉर्म घेतो तसा.”

डिप्लोमाच्या तीन वर्षांत एवढ्या सोप्या शब्दांत स्वप्नाला हे कोणी सांगितले नव्हते. ती खूश होऊन खाली गेली आणि तिथेच फसली, कारण खाली समिती बसली होती.

सेक्रेटरी आनंदराव गुप्ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते. नोकरी मात्र त्यांच्यातून अजून निवृत्त झाली नव्हती. स्वप्नाचे म्हणणे त्यांनी डोळे मिटून ऐकले.

“पन्नासचा लावला तर बिल दुप्पट येणार.”

“नाही येत, काका. तो जास्त वीज खात नाही. त्याची सहन करायची ताकद तेवढी जास्त.”

“अंथरूण पाहून पाय पसरावेत, बाळ.”

“काका, पाय तेवढेच राहणारेत. मी अंथरूण मोठं घ्या म्हणतेय.”

हे उत्तर उद्धटपणात जमा झाले. मूळ नकाशात पंचवीस लिहिले आहे, सबब ‘जसेच्या तसे’ या तत्त्वावर पंचवीसचाच बसवावा, असे ठरले. हेच गुप्ते बोरिवलीला जायचे तर गाडीआधी तासभर स्टेशनवर हजर असत, नातवाला दोन नंबर मोठे बूट घेत आणि घरात भरलेला सिलिंडर जास्तीचा ठेवत. पण ते त्यांचे स्वतःचे होते. लिफ्ट पडली सगळ्यांची.

“निदान डीरेटिंग तरी समजून घ्या,” स्वप्ना काकुळतीला आली. “क्षमतेच्या निम्म्यावरच चालवायचं. साधा नियम आहे.”

निम्मे हा शब्द समितीला एकदम पटला. कपॅसिटर राहिला बाजूला. दुसऱ्या दिवशी पंचवीसचाच बसला आणि नोटीस लागली. ‘तांत्रिक सल्ल्यानुसार लिफ्टचे डीरेटिंग करण्यात येत आहे. सहा व्यक्तींऐवजी तीन. सात मजल्यांऐवजी साडेतीन. अर्ध्या मजल्यावर थांबण्यात अडचण असल्याने तीन.’ खाली ‘सल्ला: कु. स्वप्ना ओव्हाळ’ असेही छापले. चौथ्या ते सातव्या मजल्याच्या बायका जिना चढता-उतरताना तिचा उद्धार करू लागल्या.

सुमेधाताईंनी मात्र रविवारची साडी इस्त्री करून खुर्चीवर ठेवली होती. “तीन मजले उतरायचे म्हणजे... बघू,” त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात फिरवत राहिल्या. स्वप्नाला फार वाईट वाटले.

शुक्रवारी पंचवीसचा नवा कपॅसिटरही फुटला. निम्म्यावर चालवूनही फुटला, त्याअर्थी डीरेटिंग निरुपयोगी ठरले, म्हणून समितीने ते रद्द केले. लिफ्ट पुन्हा सातही मजल्यांना मोकळी झाली, फक्त चालत नव्हती. “आता पंचवीसचाच, पण चांगला बघून आण,” गुप्ते म्हणाले.

शनिवारी स्वप्ना पन्नासचा घेऊन आली. येताना छपाईवाल्याकडून नखाएवढा स्टिकर करून आणला होता: २५. तो तिने पन्नासवर चिकटवला. आयुष्यात पहिल्यांदा तिने कामात खोटेपणा केला. गुप्ते भिंग घेऊन सात मजले चढून आले, आकडा वाचला, धापा टाकत म्हणाले, “बघ! मिळतो की नाही चांगला? शोधायची तयारी पाहिजे.”

रविवारी सुमेधाताई साडी नेसून लिफ्टने खाली उतरल्या. रिक्षात बसताना त्यांनी स्वप्नाच्या हातात लाडूचा डबा दिला. “झालं ना वाढत्या अंगाचं?” त्यांनी डोळे मिचकावले.

लिफ्ट सहा महिने बिनबोभाट चालली. समितीने ठराव केला: ‘पंचवीस व्होल्ट पुरेसे असल्याचे अनुभवाने सिद्ध.’ त्याच्या प्रती ठाण्यापासून कल्याणपर्यंत ओळखीच्या सोसायट्यांना मार्गदर्शनार्थ गेल्या. आणि एका दुपारी स्वप्नाला डोंबिवलीहून फोन आला. आवाज म्हातारा होता.

“मी विजया. सुमेधाताईची बहीण. आमची लिफ्ट दहा दिवस बंद आहे गं. आधी पन्नासचा होता, चांगला चालायचा. ठाण्याहून ठराव आला म्हणून काढून पंचवीसचा लावला.”

तो आकडा तिनेच चिकटवला होता. स्वप्ना डोंबिवलीला गेली आणि तिथल्या समितीसमोर उभी राहून तिने सगळे खरे सांगितले. समितीने ते शांतपणे ऐकले आणि तिला ठरावाची प्रत दाखवली. वर शिक्का होता.

आता तिच्या पिशवीत स्टिकरचे पाकीटच असते. तेव्हा तुमच्या इमारतीची लिफ्ट विनातक्रार चालत असेल, तर समितीचे अभिनंदन करण्याआधी गच्चीवर जाऊन कपॅसिटरवरचा आकडा नखाने खरवडून पाहा. मात्र खाली छापलेला पन्नास दिसला, तर कोणाला सांगू नका. पुढच्या मीटिंगला समितीत तुम्हीच असाल, आणि तो नियमबाह्य म्हणून काढायला हात वर करणारे पहिले तुम्हीच असाल.